मौनाची घंटा

"उतरा, उतरा सगळे! पिशव्या रस्त्यावर ठेवायच्या आणि बाजूला उभं राहायचं."

हवालदाराने काठी जीपच्या पत्र्यावर आपटली. आमच्याकडे अशा भाड्याच्या जीपला वडाप म्हणतात. दाटीवाटीने भरलेली ती वडाप नागझरीच्या महादेवाहून गावाकडे निघाली होती, आणि फाट्यावर पोलिसांनी अडवली होती.

"आता हे काय नवीन?" माझ्या नणंदबाई, शालनवन्सं, उतरता उतरता म्हणाल्या. "देवाला जाऊन आलेल्यांच्या पिशव्यांत काय सापडायचंय? नारळाच्या शेंड्या?"

मी काही बोलले नाही. सोमवार होता.

चातुर्मासात बायका काही ना काही नेम धरतात. कुणी एकवेळ जेवतं, कुणी कांदा-लसूण सोडतं. मी त्या वर्षी सोमवारचं काष्ठमौन धरलं होतं. उठल्यापासून दिवस मावळेपर्यंत लाकडासारखं राहायचं. बोलायचं नाही, मान हलवायची नाही, लिहूनही सांगायचं नाही. तो चातुर्मासातला शेवटचा, कार्तिकातला सोमवार होता. सूर्य समोरच्या डोंगराच्या वर हातभर उरला होता. तो खाली गेला की माझा नेम पुरा होणार होता.

हवालदार पिशव्या बघू लागला. बघणं कसलं, पाहिल्यासारखं करणं. आमची पिशवी त्याने काठीच्या टोकाने जरा उघडली, आत हळदकुंकवाची डबी, अक्षता, खोबऱ्याचा प्रसाद बघितला आणि "जाऊ द्या, मावशी" म्हणाला. सगळ्यांचं असंच झालं. मग जीपमधून शेवटी एक बाई उतरली. आख्खा रस्ता ती बाकावर नव्हे, पाय ठेवायच्या जागेत बसून आली होती, कारण तिला कुणी सरकून जागा दिली नव्हती.

"नाव काय?" पोलीसगाडीला टेकून उभ्या असलेल्या फौजदाराने जागेवरूनच विचारलं.

"गुलछडी."

"आडनाव?"

"काळे."

"कुठली?"

"माळावरची, सायेब."

"पारधी," फौजदार म्हणाला. त्याला काही विचारायचं उरलंच नाही. बाजूला उभे असलेले लोक कळत-नकळत एकेक पाऊल मागे सरकले. "ओत सगळं."

हवालदाराने तिची पिशवी उलटी केली. उरलेली बेलाची त्रिदळं पडली, बोरं गडगडत गेली, एक जुनेर पडलं, आणि त्या जुनेराच्या घडीतून एक पितळी घंटा निसटून डांबरावर वाजत वाजत माझ्या पायाशी येऊन थांबली.

तिच्या मुठीवर छोटासा नंदी होता. ती घंटा मी ओळखत होते. ती माझीच होती.

मौनाच्या नेमाचं उद्यापन घंटा देऊन करायचं, अशी रीत आहे. जो गप्प बसला, त्याने वाजणारी वस्तू दान द्यायची. म्हणून मी नंदीची घंटा घेऊन नागझरीला गेले होते. तिथल्या गुरवाने ती बघून हातच जोडले. "वहिनी, घंटा नको हो. हे बघा." त्याने गाभाऱ्यामागचा पत्र्याचा डबा उघडला, तो घंटांनी काठोकाठ भरला होता. "एवढ्या वाजवल्या तर महादेव कैलास सोडून पळंल. पंख्याला काही देता का बघा."

मी घंटा पदराखाली घेऊन बाहेर आले. वन्सं प्रदक्षिणेत होत्या. वडाच्या पारामागे ही बाई बेल विकत बसली होती. तिच्या टोपलीच्या कडेला फडक्यावर देवीचा एक लहानसा टाक होता, हळदीने पिवळा झालेला, आणि गिऱ्हाईक नसल्याने ती त्याची आरती करत होती. घंटेच्या जागी ती हातातली काचेची बांगडी स्टीलच्या पेल्यावर वाजवत होती. मी तिथेच थांबले. मग खाली बसले, घंटा तिच्या हातात ठेवली आणि माझ्या दोन्ही हातांनी तिची मूठ मिटली.

दान दिलं की त्याचा उच्चार करू नये, अशी माझी समजूत. वन्संनासुद्धा मी ते कळू दिलं नव्हतं.

"कुठली गं ही?" फौजदाराने आता पुढे येऊन घंटा उचलली.

"दिली एका बायनी."

"कोण बाई?"

गुलछडीने एकदाच माझ्याकडे बघितलं. क्षणभरच. मग तिने मान खाली घातली. "वळखीच्या न्हवत्या."

 मी तिची मूठ मिटली होती, त्याचा अर्थ तिने बरोब्बर घेतला होता.

"ओळखीची नसलेली बाई रस्त्यात घंटा वाटत फिरते होय?" फौजदार हसला. "महिनाभर वरून फोन येतायत, देवळातल्या चोरीचं काय झालं म्हणून. लागला तपास."

"साहेब," हवालदार हळूच म्हणाला, "त्या देवळातनं समया गेल्यात."

"समया नेणारा घंटा ठेवून जाईल का? डोकं चालव जरा. अंगावर अजून काही असेल. पदर झटकायला लाव तिला."

हवालदार घुटमळला. "बाईमाणूस आहे, साहेब."

"मग काय आरती ओवाळायची?"

गुलछडी दोन पावलं मागे गेली आणि जीपच्या चाकाला पाठ लावून, पदर दोन्ही हातांनी गच्च धरून उभी राहिली. तिच्या पोलक्यावर ओल उमटली होती. "सायेब, पोरगी अंगावर पिती माझी. सकाळधरनं सासूपाशी हाय. मला जाऊ द्या. घंटा ठेवून घ्या."

"बघा, लगेच घंटा सोडली. स्वतःची असती तर सोडली असती का?" फौजदाराने आम्हा सगळ्यांकडे बघून विचारलं.  त्याने डोळ्यांवर हात धरून सूर्याकडे बघितलं. "चल, गाडीत घाल हिला. दिवस मावळायच्या आत ठाण्यात पोचलं पाहिजे. नंतर नेलं की बाईमाणूस म्हणून शंभर कायदे काढतात लोक. आधी दोन पंच धर."

ते मी ऐकलं आणि मला भाद्रपदातला एक सोमवार आठवला. आमच्या महिला मंडळात एक वकीलबाई कायदे सांगायला आल्या होत्या. बाकीच्या जणी गौरींच्या साड्यांबद्दल बोलत होत्या, माझं मौन होतं म्हणून मी तेवढी ऐकत होते. बाईची झडती बाईनेच घ्यायची. झडतीला आजूबाजूची दोन पंच माणसं पाहिजेत, आणि त्यांनी डोळ्यांनी बघितलं तेवढ्यालाच सही करायची. दिवस मावळल्यावर बाईला सहसा अटक करता येत नाही, केलीच तर महिला पोलीस आणि न्यायाधीशाची परवानगी लागते. घरी जाऊन हे कुणाला तरी सांगावं असं मला वाटलं होतं, पण तोवर मौन सुटून कुकर लावायची वेळ झाली होती.

म्हणजे दिवस मावळला की मला बोलता येणार होतं, आणि दिवस मावळला की त्यांना तिला नेता येणार नव्हतं. पण त्याआधीच ते तिला नेणार होते.

"ह्या मावशी चालतील," फौजदाराचं बोट माझ्याकडे वळलं. "सोज्वळ दिसतात. कोर्टात कुणी नावं ठेवणार नाही. या मावशी, इथे सही करा."

वन्सं पटकन पुढे झाल्या. "अहो, त्यांचं मौन आहे आज. सोमवारचं."

"मग तर फारच छान. पंचाने बोलूच नये. सही करा फक्त."

"लिहीतही नाहीत हो. काष्ठमौन आहे."

"काष्ठ म्हणजे?"

"लाकूड, साहेब," हवालदार म्हणाला. "माझी मंडळी पण धरते श्रावणात."

"मग लाकडाचा अंगठा घ्या!" फौजदाराने शाईची डबी मागवली. "आणि हरकत असती तर बोलल्या असत्या की मावशी. गप्प आहेत म्हणजे कबूल आहे."

वन्संनी माझा दंड धरला. "कालिंदी, अगं, अंगठा दे आणि मोकळी हो. दिवा लावायची वेळ होत आली. एवढे सोमवार केलेस, आता काठावर येऊन नको गं घोळ. कुणासाठी धरलंयस ते आठव."

ते आठवायची गरज नव्हती. घरी कॉटवर माझे यजमान पडून होते. झटका आला तेव्हापासून त्यांची वाचा गेली होती. शाळेत भूगोल शिकवणारा माणूस, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत आवाज जायचा, तो आता पाणी हवं असलं तर वाटी आपटत होता. मी महादेवाला म्हटलं होतं, माझे शब्द घे आणि त्यांचे त्यांना परत दे. चार महिने मी एक सोमवार चुकवला नव्हता. डोंगराच्या वर आता सूर्य चार बोटं उरला होता. तेवढी चार बोटं गप्प राहिले की माझ्या बाजूने काही बाकी राहणार नव्हतं.

हवालदाराने शाईची डबी उघडून पुढे धरली. फौजदाराने माझा हात हातात घेतला. गुलछडी पोलीसगाडीच्या पायरीवर चढत होती. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. मी कोण आहे हे एका शब्दात सांगून ती सुटू शकली असती, आणि ती सांगत नव्हती.

"घंटा माझी आहे."

दिवसभर न बोललेला घसा, त्यातून आवाज असा काही फुटला की माझा मलाच ओळखू आला नाही. वन्संच्या हातातून पिशवी पडली. "अगं बाई! कालिंदी!"

"काय म्हणालात?" फौजदार म्हणाला.

"माझी आहे. मी विकत घेतली, मीच त्यांना दिली. देवळामागच्या पारावर."

"हिला? घंटा? कशाला?"

"त्यांच्या देवीला घंटा नव्हती म्हणून."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याचा आवाज गोड झाला, आणि मला जास्त भीती वाटली. "हे बघा मावशी, तुमची दया मला समजते. पण घेतल्याची पावती आहे का? नाही ना? मग चोरीची घंटा तुमच्याकडे कशी आली, हे आधी तुम्हाला विचारावं लागेल. विचारू का? घरी कोण असतं?"

 ह्यांना संध्याकाळी कुणीतरी कुशीवर वळवावं लागतं, हे मला त्याच वेळी आठवलं.

"विचारा," मी म्हणाले. "पण त्यांची झडती बाईपोलिसाने घ्यावी. आणि मी पंच म्हणून अंगठा देणार नाही, कारण मी चोरी बघितलेली नाही. तुमचं नाव काय, साहेब? छातीवरची पाटी दिसत नाही."

वडापमधली माणसं एकदम हलली. कुणीतरी खाकरलं. फौजदाराचा चेहरा तांबडा झाला. "दोघींना घाल गाडीत," तो हवालदाराला म्हणाला.

"येते मी," मी म्हणाले. "पण आज माझं व्रत मोडलं. मोडलेल्या व्रताची कहाणी जागच्या जागी सांगावी लागते, नाहीतर ऐकणाऱ्यालाही दोष लागतो."

असा नियम कुठल्या पोथीत आहे की नाही, ते मला आजही ठाऊक नाही. त्या घटकेला तो माझ्या तोंडात आला, एवढंच खरं. मी खाली वाकून अक्षतांची डबी उचलली आणि हवालदारापुढे चिमूट धरली. त्याचा तळहात आपसूक उघडला. मग त्याने दुसऱ्या हाताने टोपी काढली.

"ए, हे काय चाललंय?" फौजदार ओरडला.

"साहेब, हातात अक्षता आल्या," हवालदार अजिजीने म्हणाला. "आता कहाणी संपेपर्यंत हलू नये म्हणतात. घरी समजलं तर मंडळी जेवायला वाढायची नाही."

मी एकेकाच्या हातावर अक्षता ठेवत गेले. गुलछडीने गाडीच्या पायरीवरूनच ओंजळ पुढे केली. आणि शालनवन्सं, ज्या क्षणापूर्वी मला मोकळी हो म्हणत होत्या, त्यांनी डबी माझ्या हातातून घेतली, सरळ फौजदारापाशी गेल्या आणि त्याच्या हातात अक्षता कोंबल्या. "धरा हो. टाकू नयेत खाली. तुमच्या आईने काही शिकवलं की नाही?"

त्याची मूठ मिटली. लोक त्याच्याकडे बघत होते.

मी डोळे मिटले आणि सुरुवात केली. "ऐक रे शंभो, तुझ्या घंटेची कहाणी. एका गावात एक मास्तर होता. त्याचा आवाज मोठा होता. नद्यांची नावं घ्यायचा तर पोरांना पाणी वाहिल्यासारखं वाटायचं. एके दिवशी त्याची वाचा गेली. बायकोने नवस केला. तो बोलत नाही, तर मीही सोमवारी बोलणार नाही. पहिल्या सोमवारी काय झालं? तिला कळलं, आपण किती फुकट बोलतो. दुसऱ्या सोमवारी काय झालं? शेजारीण भांडायला आली, एकटीच भांडली आणि दमून गेली."

मागे कुणीतरी हसलं. मी घाई केली नाही. एकेका सोमवारचं सांगत गेले. काही घडलेलं होतं, काही त्या वेळी सुचलं. गुरवाच्या डब्यातल्या घंटा सांगितल्या तेव्हा ड्रायव्हरसुद्धा हसला. पेल्यावर वाजणारी बांगडी सांगितली तेव्हा कुणी हसलं नाही. फौजदाराने दोनदा "आटपा" म्हटलं, आणि दोन्ही वेळा वन्संनी "श्श!" केलं.

"मग ती घंटा एका आईच्या पिशवीत गेली. आई घरी निघाली. घरी लेक भुकेली होती. वाटेत नाका आला. सगळ्यांच्या पिशव्या उघडल्या, तिची उलटी केली. का रे शंभो, तिचीच का उलटी केली?"

ते मी महादेवाला विचारत होते.  अंगावरचं ऊन उतरल्याचं मला मिटल्या डोळ्यांनी कळलं, तरी मी शेवटाकडे वळले नाही. कहाणी संपवणारं 'सुफळ' मी जिभेखाली धरून ठेवलं.

"साहेब," बऱ्याच वेळाने हवालदाराचा आवाज आला. "दिवस मावळला."

मी डोळे उघडले. डोंगराच्या मागे नुसता केशरी पट्टा राहिला होता. हवालदार तसाच बोडक्या डोक्याने उभा होता. "महिला पोलीस तर नाही आपल्याकडं," तो पुढे म्हणाला. "आणि पंच पण कुणी..." त्याने लोकांकडे बघितलं. लोक अक्षता धरून उभे होते.

फौजदाराने पश्चिमेकडे बघितलं, मग स्वतःच्या मिटलेल्या मुठीकडे. "सुफळ संपूर्ण," मी म्हणाले, आणि अक्षता भुईवर टाकल्या. सगळ्यांनी टाकल्या. त्यानेही टाकल्या.

"जा," तो म्हणाला. "घंटा इथे राहील. चौकशी होईल." ती त्याने गाडीत पुढच्या बाजूला फेकली. ती आत कुठेतरी वाजली आणि गप्प झाली.

वडापमध्ये या वेळी वन्संनी सरकून गुलछडीला बाकावर जागा दिली. माळाचं वळण येईपर्यंत ती बाहेर बघत बसली होती. मला वाटलं होतं, ती काहीतरी बरं बोलेल. उतरायच्या आधी ती बोलली.

"आक्का, नाव घेतलं न्हाई मी तुमचं. तुम्ही मूठ झाकली. म्हनलं, बोलायचं नसंल."

"हो."

"पुन्यांदा असं गुपचूप काय देऊ नगा. चारचौघांत द्या. मुठीत दिल्यालं आमच्या अंगावर चोरीचं हुतं."

ती उतरली आणि काळोखात पळतच सुटली. मुलगी भुकेली होती.

घरी येऊन मी दिवा लावला, ह्यांना कुशीवर वळवलं आणि उशाशी बसून सगळं सांगितलं. व्रत मोडलं, तेही सांगितलं. ते ऐकत होते. वन्संनी फौजदाराच्या हातात अक्षता कोंबल्या, तिथे ते हसले, अंग हलेपर्यंत. त्यांची वाचा त्या वर्षी आली नाही. पुढेही आली नाही. गेले तेव्हाही ते काही बोलून गेले नाहीत. महादेवाला मी त्याबद्दल कधी विचारलेलं नाही. मौन मात्र मी पुन्हा धरलं नाही.

ती घंटा परत मिळाली नाही. पुढच्या कार्तिकात मी दुसरी आणली, आणि आठवडी बाजारात ऐन गर्दीच्या वेळी वन्संना बरोबर घेऊन गेले. माझा आवाज मुळात बारीक. वन्संचा तसा नाही. त्या भाजीवाल्यांच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "ऐका हो ऐका! ही घंटा आमच्या कालिंदीने ह्या गुलछडी काळेला दिली. दिली म्हणजे दिली! कुणाला काही विचारायचं असेल त्याने आत्ता विचारा, नंतर नाही!"

सगळा बाजार वळून बघत होता. त्या गर्दीत तो हवालदारही होता, हातात मेथीची जुडी. त्याने मान डोलावली. गुलछडी कडेवर लेक घेऊन उभी होती. लेक घंटेला धरायला झेपावत होती.

त्या दिवशी गुलछडीने घंटा पिशवीत घातली नाही. हातात उंच धरली आणि वाजवत निघाली. फाट्याच्या नाक्यावरून ती वाजवतच गेली, असं वडापवाल्याने नंतर सांगितलं.